कालमापनाचा हौशी उपासक : आल्फ्रेड लूमिस

पूर्वी आपल्याकडे लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडीत असत. बुडाशी बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू पाण्याने भरे आणि चोवीस मिनिटांनी बुडे, म्हणजे एक घटका झाली असे समजत. वाटीजवळ बसलेल्या जोशीबुवांचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले, तर थोडीबहुत चूक सहज होई. परंतु त्या चुकीने कोणाचे फारसे बिघडत नसे. शेतकऱ्याला दिवसाचे प्रहर पुरतात, शाळेला तासिका पुरतात, आगगाडीच्या वेळापत्रकालाही मिनिटापेक्षा लहान माप सहसा लागत नाही. मग एका सेकंदाचे हजार भाग कल्पून त्यांतील एकेक भाग मोजण्याचा खटाटोप कोणी कशासाठी करावा?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील एका धनाढ्य गृहस्थाने हा खटाटोप वर्षानुवर्षे केला. धंद्याने तो वकील आणि पेढीवाला होता. पदार्थविज्ञानाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. कोणत्याही विद्यापीठात तो अध्यापक नव्हता. या कामातून त्याला द्रव्यप्राप्तीही व्हावयाची नव्हती. तथापि केवळ हौसेने त्याने जगातील उत्तमोत्तम घड्याळे जमविली, ती एकमेकांशी ताडून पाहिली आणि त्यांच्या सूक्ष्म चुकांतून निसर्गाचे एक गूढ उकलून दाखविले. पुढे जगावर महायुद्धाचे संकट आले, तेव्हा याच हौसेतून मिळालेले ज्ञान सागरावरील सहस्रावधी खलाशांच्या उपयोगी पडले. या गृहस्थाचे नाव आल्फ्रेड ली लूमिस.

लूमिसचा जन्म ४ नोव्हेंबर १८८७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे आजोबा आणि वडील दोघेही वैद्यकीय व्यवसायात होते. आजोबांचा तर क्षयरोगावरील उपचारांबद्दल मोठा लौकिक होता. घरची सुस्थिती होती आणि मुलगा कुशाग्र बुद्धीचा होता. लहानपणी त्याला दोन गोष्टींचा विलक्षण नाद होता. एक बुद्धिबळ आणि दुसरी हातचलाखीचे खेळ. बुद्धिबळाच्या पटाकडे न पाहता, सर्व मोहऱ्यांची स्थाने मनात ठेवून तो डाव खेळू शके. जादूच्या खेळातील गुपित शोधून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दिसते त्याच्या आड काय आहे, हे पाहण्याची ही सवय त्याला जन्मभर उपयोगी पडली.

येल विद्यापीठात त्याने गणिताचा अभ्यास केला. शास्त्रज्ञ व्हावे असा ओढा मनात असला, तरी घराण्याच्या रीतीस धरून चांगला व्यवसाय पत्करणे त्याला इष्ट वाटले. १९१२ साली हार्वर्ड येथून कायद्याची पदवी घेऊन तो आपला मामेभाऊ हेन्री स्टिम्सन याच्या वकिली संस्थेत काम करू लागला. स्टिम्सन हा त्याच्याहून वीस वर्षांनी वडील होता आणि अमेरिकेच्या राजकारणात त्याचे वजन होते. लूमिसचा वकिलीत जम बसला. यंत्रांचे वेड मात्र कमी झाले नाही. दिवसा कायद्याची कागदपत्रे आणि रात्री तारा, चक्रे व चुंबक, असा त्याचा क्रम चालू राहिला.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लूमिस सैन्यात दाखल झाला आणि त्याची नेमणूक मेरीलँड राज्यातील ॲबर्डीन येथे झाली. तोफांची व दारूगोळ्याची परीक्षा घेण्याचे ते लष्करी ठिकाण होते. तोफेतून सुटलेल्या गोळ्याचा वेग अचूक ठाऊक असल्याशिवाय नेम साधता येत नाही. परंतु गोळा डोळ्यांस दिसण्यापूर्वीच निघून जातो. त्याचा वेग मोजावयाचा कसा? त्या वेळी वापरात असलेली साधने अवजड असून हाताळण्यास त्रासाची होती. लूमिसने या कामासाठी एक सुटसुटीत उपकरण तयार केले. गोळ्याच्या मार्गात ठराविक अंतरावर दोन पडदे उभे करीत. गोळा पडद्यातून आरपार गेला की विद्युत्‌प्रवाहाचा मार्ग जुळे, एक ठिणगी उडे आणि वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदास ती एक बारीक भोक पाडी. दुसऱ्या पडद्याच्या वेळी दुसरे भोक पडे. नळकांड्याच्या फिरण्याची गती ठाऊक असल्यामुळे दोन भोकांमधील अंतर पट्टीने मोजले, की गोळ्याला लागलेला वेळ कळे.

हे उपकरण ॲबर्डीनचा कालमापक या नावाने प्रसिद्ध झाले आणि युद्ध संपल्यावरही सैन्यात पुष्कळ वर्षे वापरात राहिले. त्यातील युक्ती साधी दिसते. पण तिचे मर्म मोठे आहे. काळ हातात धरता येत नाही. त्याचे लांबीत रूपांतर केले, म्हणजे तो कागदावर उमटतो आणि सावकाश मोजता येतो. लूमिसच्या पुढील सर्व कार्याचे बीज या एका युक्तीत आहे. ॲबर्डीन येथेच त्याला दुसरा लाभ झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विख्यात पदार्थविज्ञानवेत्ता रॉबर्ट विल्यम्स वुड याचा स्नेह त्याला तेथे जडला. वुड हा प्रयोगकलेत अत्यंत निपुण होता. त्याच्या सहवासात लूमिसला जणू गुरूच लाभला.

युद्ध संपल्यावर लूमिसने वकिली सोडली आणि आपल्या बहिणीचा पती लँडन थॉर्न याच्यासह एक पेढी हाती घेतली. त्या काळी अमेरिकेत खेडोपाडी वीज पोहोचविण्याचे काम झपाट्याने चालू होते व त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज होती. वीज कंपन्यांना ते भांडवल उभारून देण्याच्या व्यवहारात या दोघांनी अपार संपत्ती मिळविली. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि लक्षावधी लोक देशोधडीस लागले. लूमिस आणि थॉर्न यांनी मात्र भाव अवास्तव वाढले आहेत हे ओळखून आपले समभाग आधीच विकून टाकले होते. त्यामुळे त्यांची संपत्ती शाबूत राहिली.

अशी संपत्ती हाती आल्यावर माणूस बहुधा ऐषआरामाकडे वळतो. लूमिसला ऐषआराम अपरिचित नव्हता. परंतु त्याचे मन रमे ते प्रयोगशाळेत. न्यूयॉर्कच्या वायव्येस सुमारे साठ किलोमीटरांवर, डोंगर आणि तळी यांच्यामध्ये टक्सीडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत आहे. तेथे टेकडीवर असलेला एक प्रशस्त वाडा त्याने १९२६ साली विकत घेतला आणि त्याची प्रयोगशाळा बनविली. वाड्याचे नाव होते टॉवर हाउस. अनेक विद्यापीठांना परवडणार नाहीत अशी उपकरणे तेथे होती. वुडबरोबर त्याने प्रथम, मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या अतिशय जलद ध्वनितरंगांवर प्रयोग केले. अशा तीव्र तरंगांचे पदार्थांवर व सजीवांवर काय परिणाम होतात, याविषयीचा त्या दोघांचा निबंध १९२७ साली प्रसिद्ध झाला. त्या शास्त्रशाखेतील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनात त्याची गणना होते. पुढे आइन्स्टाइन, नील्स बोर, हायझेनबर्ग, फर्मी यांसारखे थोर शास्त्रज्ञ या वाड्यात पाहुणे म्हणून येऊन गेले.

याच वाड्यात लूमिसने आपला सर्वांत आवडता छंद जोपासला. तो छंद म्हणजे अचूक कालमापन.

लंबकाचे घड्याळ डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६५६ साली प्रथम बनविले. लंबकाची आंदोलने समान काळात होतात, या गुणावर ते चालते. पण लंबकापुढे अडचणीही अनेक असतात. हवेचा विरोध त्याची गती अडवितो. उष्णतेने त्याची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. शिवाय चक्रे फिरविण्याचे काम करावे लागल्यामुळे त्याच्या मुक्त गतीत सतत व्यत्यय येतो. विल्यम हॅमिल्टन शॉर्ट नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने या अडचणींवर नामी उपाय शोधला. हा शॉर्ट रेल्वेच्या नोकरीत होता, म्हणजे कालमापनात तोही हौशीच होता. त्याने एकाऐवजी दोन लंबक वापरले. एक लंबक मालक आणि दुसरा सेवक. मालक लंबक उष्णतेने फारसा न लांबणाऱ्या मिश्रधातूचा असून तो हवा काढून घेतलेल्या बंद पात्रात एकटाच झुले. चक्रे फिरविणे, काटे हलविणे ही सर्व कामे सेवक लंबक करी. मालकाला दर अर्ध्या मिनिटाने एक हलकासा धक्का मिळे, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध. असे पहिले घड्याळ १९२१ साली एडिंबरोच्या वेधशाळेत बसविले गेले. त्याची चूक वर्षाकाठी सुमारे एका सेकंदाहून अधिक नसे. पुढे अनेक देशांतील वेधशाळांनी अशी घड्याळे घेतली.

लूमिसने लंडनला जाऊन हे घड्याळ मागितले. वेधशाळा असे एखादेच घड्याळ मोठ्या प्रयासाने घेत. या अमेरिकन गृहस्थाने मात्र एकदम तीन मागितली. विक्रेत्याला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. परंतु या मागणीत श्रीमंतीचा डौल नव्हता. तिच्या मागे विचार होता. एकच घड्याळ असले, तर ते चुकते आहे की नाही हे समजण्यास मार्ग नसतो. दोन असली आणि त्यांत फरक पडला, तर चूक कोणाची हे ठरविता येत नाही. तीन असली म्हणजे दोघांची साक्ष एक येते आणि चुकणारे तिसरे ओळखू येते. न्यायालयात साक्षीपुरावे तपासलेल्या माणसाने घड्याळांचीही अशीच उलटतपासणी करण्याचे ठरविले होते.

टॉवर हाउसखालच्या खडकात पक्के खांब उभारून त्यांवर तिन्ही घड्याळे बसविण्यात आली. पण लवकरच एक चमत्कारिक गोष्ट लूमिसच्या ध्यानी आली. स्वतंत्रपणे चालावयाची घड्याळे एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालू लागली! अशी गोष्ट हायगेन्सनेही १६६५ साली पाहिली होती. एकाच आधारावर टांगलेली त्याची दोन घड्याळे काही वेळाने एका तालात झुलू लागत. टक्सीडो पार्कमध्ये तर आधार होता डोंगराचा खडक. लंबकाच्या झुलण्याने त्या खडकालाही किंचित हिसका बसत होता आणि तो हिसका शेजारच्या लंबकापर्यंत पोहोचत होता. साक्षीदारांनी आपसांत संगनमत केल्यासारखे हे झाले. लूमिसने घड्याळांची मांडणी बदलली. समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर, त्रिकोणाच्या मध्याकडे तोंड करून ती ठेवली. त्यामुळे तिन्ही लंबक निरनिराळ्या दिशांनी झुलू लागले, एकाचा हिसका दुसऱ्याला बाधेनासा झाला आणि तिन्ही साक्षीदार पुन्हा स्वतंत्र झाले.

तरीही लूमिसचे समाधान झाले नाही. तिन्ही घड्याळे अखेर एकाच जातीची होती. सर्व लंबकांना एकच दोष असेल, तर तो त्यांच्या परस्परतुलनेने कसा उघडकीस येणार? त्यासाठी अगदी भिन्न तत्त्वावर चालणारे घड्याळ हवे होते आणि सुदैवाने ते नुकतेच जन्मास आले होते.

गारेच्या स्फटिकाचा एक अद्भुत गुण फ्रान्समधील क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधून काढला होता. असा स्फटिक दाबला की त्यावर विद्युत्‌भार निर्माण होतो. उलटपक्षी त्याला विद्युत्‌दाब दिला, तर तो किंचित आकुंचन किंवा प्रसरण पावतो. त्यामुळे योग्य विद्युत्‌मंडलात बसविलेली स्फटिकाची चकती अत्यंत जलद आणि अत्यंत नियमित कंप पावत राहते. एका सेकंदात जितकी कंपने होतात, त्या संख्येस वारंवारता म्हणतात. न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्याचा सहकारी यांनी १९२७ साली या गुणाच्या आधारे पहिले स्फटिक घड्याळ तयार केले. तेथील स्फटिक सेकंदास अनेक हजार कंपने करी. एवढी जलद कंपने कोणते यंत्र मोजणार? म्हणून निर्वात नलिकांच्या मंडलांनी ती संख्या पायरीपायरीने कमी करून सेकंदास १,००० वर आणीत आणि त्या प्रवाहाने एक लहानशी चक्री फिरवीत. स्फटिक बिनचूक असेल, तर चक्रीही बिनचूक फिरणार. वारंवारता मोजणे आणि काळ मोजणे ही अशा रीतीने एकाच कामाची दोन अंगे झाली.

मॅरिसनची प्रयोगशाळा शहरात आणि लूमिसची घड्याळे साठ किलोमीटर दूर डोंगरात. लूमिसने बेल प्रयोगशाळेच्या सहकार्याने दूरध्वनीच्या तारेवरून स्फटिकाचा तो सेकंदास हजार कंपनांचा प्रवाह आपल्या वाड्यात आणविला. मग त्याने ॲबर्डीनची जुनी युक्ती पुन्हा कामास लाविली. स्फटिकाच्या तालावर एक यंत्र एकसारखे फिरत राही आणि प्रत्येक लंबकाच्या संकेतासरशी ठिणगी उडून सरकत्या कागदावर खूण उमटे. लंबक आणि स्फटिक यांच्या चालीत सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला, तरी तो कागदावर वाचता येई. तोफगोळ्याचा वेग मोजणारे साधन आता घड्याळांचे घड्याळ झाले. अहोरात्र, महिनोन्‌महिने त्या कागदावर खुणा उमटत राहिल्या.

या खुणांचा अभ्यास करता एक विलक्षण गोष्ट दिसून आली. स्फटिकाशी तुलना केली असता तिन्ही लंबक अगदी किंचित मागेपुढे होत होते आणि तेही एकाच वेळी. यंत्रातील बिघाड असता तर एखादेच घड्याळ चुकले असते. हा फरक तर तिघांतही होता आणि तो ठराविक काळाने पुन्हापुन्हा येत होता. तो काळ सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचा होता.

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा आकडा अपरिचित वाटणार नाही. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारणतः एवढाच काळ जातो आणि म्हणूनच रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. भरतीला मुख्यतः कारण असतो चंद्र. जो चंद्र समुद्र उचलतो, तोच लंबकाचे वजनही अत्यल्प प्रमाणात कमीअधिक करतो. लंबक पृथ्वीच्या आकर्षणावर चालतो. चंद्राच्या ओढीने त्या आकर्षणात किंचित फरक पडला, की त्याची चाल बदलते. स्फटिकाच्या कंपनांना मात्र गुरुत्वाकर्षणाशी कर्तव्य नसल्यामुळे त्यांवर हा परिणाम होत नाही. चंद्राचा पृथ्वीवरील लंबकावर परिणाम होत असला पाहिजे, हे गणिताने सांगता येत होते. घड्याळात तो प्रत्यक्ष दाखविणे तेवढे कठीण होते.

हा परिणाम किती सूक्ष्म होता? सेकंदाचे दहा हजार भाग कल्पिले, तर त्यांतील एकदोन भाग घड्याळ मागेपुढे होई. एखाद्या खुणेवरून तो ओळखता येणे अशक्यच होते. परंतु सहस्रावधी खुणांची सरासरी काढली, म्हणजे आकस्मिक चुका एकमेकींना खोडून टाकतात आणि नियमित फरक तेवढा शिल्लक राहतो. हे किचकट गणित येल विद्यापीठातील अर्नेस्ट ब्राउन आणि डर्क ब्राउवर या खगोलवेत्त्यांनी केले. ब्राउन हा चंद्राच्या गतीचा त्या काळचा श्रेष्ठ अभ्यासक होता. १९३१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लूमिसचा आणि या दोघांचा असे निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. आकाशातील चंद्राची ओढ खोलीत बसून घड्याळाच्या चालीत वाचता येते, हे सिद्ध झाले.

या शोधाने लंबकाची मर्यादाही दाखवून दिली. जे घड्याळ चंद्राची चाहूल सांगते, ते निर्दोष कालमापक असू शकत नाही. काळ मोजण्याचे काम पुढे स्फटिकाकडे आणि त्यानंतर अणूकडे गेले. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून ठरविण्यात आली.

लूमिसची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. १९३५ च्या सुमारास तो मानवी मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरींकडे वळला. निद्रिस्त माणसाच्या मेंदूतील लहरी रात्रभर कागदावर नोंदवून, झोपेच्या निरनिराळ्या अवस्था असतात हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. निसटून जाणारी गोष्ट कागदावर पकडावयाची, ही त्याची जुनी रीत येथेही फलदायी ठरली. त्याच सुमारास मंदीमुळे अनेक संशोधकांना आपले निबंध प्रसिद्ध करण्याचा खर्च झेपत नव्हता. अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकाकडे अशा संशोधकांचे पैसे परस्पर भरले जात. ते देणारा लूमिस होता. पण घेणाऱ्यांना त्याचे नाव कळू दिले जात नसे.

१९४० साली युरोपात दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला होता. फ्रान्स पडला होता आणि इंग्लंडवर बॉम्बहल्ले होत होते. अमेरिका युद्धात उतरली नव्हती. तथापि तेथील शास्त्रज्ञांनी तयारीस आरंभ केला होता. आखूड लांबीच्या रेडिओ तरंगांनी दूरची विमाने व जहाजे हुडकण्याच्या प्रश्नासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद लूमिसकडे आले. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडहून शास्त्रज्ञांचे एक मंडळ गुप्तपणे अमेरिकेस आले. त्यांच्याजवळ तळहातावर मावेल एवढे मॅग्नेट्रॉन नावाचे एक साधन होते. सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे अतिशय प्रबळ तरंग ते निर्माण करी. लूमिसने या पाहुण्यांना टक्सीडो पार्क येथे नेऊन त्याची माहिती करून घेतली. त्याचे महत्त्व त्याने तत्काळ ओळखले. काही आठवड्यांतच केंब्रिज गावातील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत एक नवी प्रयोगशाळा उभी राहिली. युद्धकाळात रडारची बहुविध यंत्रे तेथे निर्माण झाली. त्या वेळी स्टिम्सन अमेरिकेचा युद्धमंत्री होता. नव्या साधनांची निकड थेट मंत्र्याच्या कानी घालणे लूमिसला शक्य होते आणि ते काम त्याने मनापासून केले.

या कामासाठी लूमिसला एक मोठा त्याग करावा लागला. टॉवर हाउसमधील प्रयोगशाळा त्याने बंद केली आणि तेथील उपयुक्त सामग्री केंब्रिजला पाठविली. ज्या वाड्यात त्याने आयुष्यातील सर्वांत आनंदाची वर्षे घालविली, चंद्राची ओढ कागदावर पाहिली, तेथील प्रयोग थांबले ते कायमचेच. पैसा देणे त्याला अवघड नव्हते. परंतु स्वतःच्या हातांनी वाढविलेला छंद देशकार्यासाठी बाजूस ठेवणे सोपे नसते. त्याने ते कोणताही गाजावाजा न करता केले.

प्रयोगशाळा गेली, पण तेथे अंगी मुरलेले कालमापनाचे ज्ञान त्याच्यापाशी होते. अटलांटिक महासागरात त्या वेळी जहाजांचे तांडे शत्रूच्या पाणबुड्यांना चुकवीत ये-जा करीत होते. धुके आणि ढग असले म्हणजे सूर्य किंवा तारे दिसत नाहीत आणि आपण कोठे आहोत हे खलाशांना समजत नाही. १९४० च्या अखेरीस लूमिसने या प्रश्नावर एक योजना सुचविली. किनाऱ्यावरील दोन केंद्रांनी रेडिओचे छोटे छोटे संकेत परस्परांशी ठराविक काळ राखून एकसारखे पाठवीत राहावे. जवळच्या केंद्राचा संकेत जहाजावर लवकर येईल, दूरच्या केंद्राचा उशिरा. दोहोंमधील कालाचा फरक मोजला, की जहाज नकाशावरील एका ठराविक वक्ररेषेवर कोठे तरी आहे हे कळेल. केंद्रांच्या दुसऱ्या जोडीवरून दुसरी वक्ररेषा मिळेल. या दोन रेषा जेथे छेदतील, तेथे जहाज!

कल्पना सोपी, पण तिची सारी मदार कालमापनावर होती. रेडिओतरंग सेकंदास सुमारे ३,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ३०० किलोमीटर जाईल. तेवढी चूक झाली, तर जहाज खडकावर आपटावयाचे. म्हणून सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत माप न्यावे लागले. तेवढ्या काळात तरंग ३०० मीटर जातो. केंद्रांवरील आणि जहाजांवरील उपकरणांत काळ राखण्याचे काम स्फटिकांनी केले. पडद्यावर उमटणारे दोन संकेत एकमेकांशी जुळवून खलाशी कालाचा फरक वाचू लागले. या पद्धतीला आरंभी लूमिसचे नाव देण्यात येत होते. त्याला ते मान्य झाले नाही. अखेर लोरान हे नाव रूढ झाले. दूर पल्ल्याचे दिशादर्शन असा त्याचा अर्थ. युद्ध संपले तेव्हा पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे तीनदशांश भागावर लोरानचे संकेत पोहोचत होते. युद्धानंतरही कित्येक दशके व्यापारी जहाजे, मच्छीमार आणि विमाने त्यावर विसंबून राहिली. आज उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणाऱ्या ज्या पद्धती आहेत, त्यांतही संकेताला लागलेला वेळ मोजूनच अंतर काढतात.

युद्ध संपल्यावर लूमिस प्रसिद्धीपासून दूर राहिला. वृत्तपत्रांना मुलाखती देणे त्याला रुचत नसे. अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांनी त्याचा गौरव केला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आपला सदस्य म्हणून त्याला निवडले. विज्ञान हा व्यवसाय नसलेल्या माणसाला हा मान क्वचितच मिळतो. त्याचा स्नेही, नोबेल पारितोषिकाचा मानकरी लुई अल्व्हारेझ याने विज्ञानातील थोर हौशी संशोधकांच्या परंपरेत त्याला अखेरचे स्थान दिले. ११ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लूमिसचे निधन झाले.

लूमिसने घड्याळे घेतली, तेव्हा जहाजांचा विचार त्याच्या मनात नव्हता. सेकंदाचा हजारावा भाग मोजून काय मिळणार, असा प्रश्न कोणी केला असता, तर व्यवहारी उत्तर त्याला देता आले नसते. त्याला फक्त खरे काय ते जाणून घ्यावयाचे होते आणि त्यासाठी लागणारे कष्ट घेण्यात त्याने कसूर केली नाही. एका घड्याळावर भागले असते तेथे त्याने तीन घेतली, तिन्ही एकमेकांस फितूर झाली तेव्हा मांडणी बदलली आणि तिघांचीही साक्ष अपुरी वाटली तेव्हा चौथा साक्षीदार साठ किलोमीटरांवरून आणविला. ज्ञानाच्या आवडीने केलेले हे चोख काम वाया गेले नाही. धुक्यात वाट चुकलेल्या एखाद्या जहाजावरील खलाशाला, आपल्याला बंदराची दिशा दाखविणाऱ्या माणसाचे नावही कदाचित ठाऊक नसेल. पण तो सुखरूप घरी पोहोचला. स्वतःच्या नावाचा आग्रह न धरणाऱ्या लूमिसला तेवढे पुरेसे होते.